चार दिवसांचे सिंगापूर : अण्णांचे गुडघे आणि निळी रेषा

पत्र (संक्षेपाने) : दिवाळीच्या सुटीत, भाऊबीज आटोपल्यावर, आम्ही चौघे चार दिवसांसाठी सिंगापूरला जाण्याचे ठरवत आहोत. मी, माझे यजमान, नऊ वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांचे सासरे, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. अण्णांचे गुडघे दुखतात आणि ते पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही त्यांना चालत नाही. सहल कंपनीने दिलेल्या कार्यक्रमात चार दिवसांत एकोणीस ठिकाणे आहेत. यजमानांचे म्हणणे असे, की शहर एवढेसे आहे, दोन दिवसांत संपेल, मग उरलेल्या दोन दिवसांत मलेशियाही करून येऊ. मला दोन्ही पटत नाही, पण काय ठेवावे आणि काय गाळावे हे उमजत नाही. शिवाय फराळाचे सोबत नेले तर चालेल का?
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला दोन्ही पटत नाही हे बरेच झाले, कारण सहल कंपनी आणि तुमचे यजमान वरवर एकमेकांच्या विरुद्ध बोलत असले तरी चूक दोघांची एकच आहे. शहर लहान, म्हणजे दिवसाला ठिकाणे जास्त, असा हिशेब दोघांनीही धरला आहे. सिंगापूर लहान आहे हे खरे. सगळा देश मिळून साधारण ७३५ चौरस किलोमीटर, पूर्व-पश्चिम टोकांमध्ये उणेपुरे ५० किलोमीटर, आणि प्रवाशाला ज्यात रस असतो तो बहुतेक भाग तर बेटाच्या दक्षिणेकडील एका पट्ट्यात मावतो. परंतु या लहानपणाचा खरा फायदा निराळा आहे आणि तो तुमच्यासारख्या तीन पिढ्यांच्या कुटुंबाला विशेष उपयोगी पडणारा आहे. दुपारी जेवून खोलीवर परतता येते, अण्णांना तास-दीड तास आडवे होता येते आणि संध्याकाळी चौघांनाही पुन्हा ताजेतवाने बाहेर पडता येते. मोठ्या शहरात सकाळी निघालेला प्रवासी रात्रीच खोलीचे तोंड पाहतो. इथे तशी सक्ती नाही, आणि ज्यांनी तुम्हाला बसमध्ये बसवून एकोणीस ठिकाणे आखून दिली त्यांनी नेमकी हीच सोय तुमच्याकडून काढून घेतली आहे.

मी हे आधीपासून जाणत होतो असे मात्र नाही. पहिल्या खेपेस मी स्वतः एका दिवसात सात ठिकाणे उरकण्याचा पराक्रम केला होता. सातव्या ठिकाणी आईला एका बाकावर बसवून आम्ही पळत जाऊन फोटो काढून आलो. पुढे कित्येक वर्षे सिंगापूरचा विषय निघाला, की आई एवढेच म्हणे, ‘बाक चांगला होता हो.’

आता हवेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमचा सगळा कार्यक्रम तिच्यावर बेतायला हवा. बडोद्याचा मे महिना सोसलेल्या माणसाला ३१-३२ अंशांचे तापमान ऐकून हसू येते. पण सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम १३७ किलोमीटरवर आहे आणि तिथली हवा इतकी दमट असते, की घाम वाळतच नाही. अर्ध्या तासाच्या चालण्याने सदरा अंगाला चिकटतो आणि सावलीत उभे राहूनही गार वाटत नाही. नोव्हेंबरात दुपारनंतर विजांसह जोराची सर येण्याचा संभव असतो, म्हणून अकरा ते चार हा काळ उघड्यावर काढायचाच नाही, असा नियम करून टाका. दुसरी गोष्ट घड्याळाची. तिथे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे चालते. म्हणजे तिथल्या सकाळच्या आठला तुमच्या मुलाच्या शरीराला पहाटेचे साडेपाच वाटत असतात, आणि रात्री नऊला तो टक्क जागा असतो, कारण बडोद्यात तेव्हा साडेसहाच झालेले असतात. सहल कंपनीच्या कागदावर ‘सकाळी ७.३० वाजता स्वागतकक्षात जमणे’ असे चारही दिवस छापलेले असेल, तर त्याचा अर्थ मुलाला रोज पहाटे पाचला उठवणे असा लावा. वर्षभर सूर्य तिथे सातच्या आगेमागे उगवतो आणि सातच्या आगेमागेच मावळतो, तेव्हा सकाळी नऊला निघाले तरी फारसे काही हुकत नाही. खरी चैन संध्याकाळी आहे.

मग राहावे कुठे? माझ्या मते सगळ्या नियोजनात हाच एक निर्णय मोलाचा आहे. सिंगापूरच्या मेट्रोला तिथे सगळे एमआरटी म्हणतात. १९८७ पासून ती धावते आहे आणि तिच्या सहा मुख्य मार्गांपैकी नकाशावर निळ्या रंगाने दाखवलेला ‘डाउनटाउन’ हा मार्ग तुमच्यासाठीच काढला असावा असे वाटते. या एकाच निळ्या रेषेवर ओळीने पाहा : बोटॅनिक गार्डन्स, तिथून तिसरे स्थानक लिटल इंडिया, त्यापुढे दुसरे बुगिस, जिथून सुलतान मशिदीचा परिसर चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणखी दोन स्थानकांनी बेफ्रंट, म्हणजे ती प्रसिद्ध पोलादी महावृक्षांची बाग, गार्डन्स बाय द बे, आणि आणखी तीन स्थानकांनी चायनाटाउन. लिटल इंडिया स्थानकापासून पाच मिनिटांत पोहोचता येईल अशी खोली मागा. सहल कंपनीचे हॉटेल दूरच्या उपनगरात असेल, तर थोडे जास्त पैसे भरून ते बदला. तेवढे पैसे टॅक्सीत आणि अण्णांच्या मलमात वसूल होतील. गाडी न बदलता, जिने न चढता (प्रत्येक स्थानकात लिफ्ट असते, फक्त ती कोणत्या दारापाशी आहे हे आधी पाहून ठेवायचे) जिथे जाता येते तेवढेच मुख्यतः पाहायचे आणि रेषेबाहेरचे फारतर एक ठिकाण घ्यायचे, एवढे पथ्य पाळले तर एकोणीसांची यादी आपोआप सहा-सातांवर येते. सरकत्या जिन्यांबद्दल एक सूचना : ते आपल्याकडच्यांपेक्षा वेगाने चालतात आणि उभे राहणारे डावीकडे उभे राहतात. अण्णांना लिफ्टच बरी.

अहमदाबादहून सिंगापूरला थेट विमान जाते. रात्रीचे विमान घेतले तर सकाळी तिथे उतराल आणि हॉटेलची खोली दुपारी मिळेल. या मधल्या वेळात ‘वाया कशाला घालवायचा’ म्हणून शहरदर्शन करू नका. सामान हॉटेलात ठेवा, सेरंगून रोडवर १९४७ पासून चालत आलेल्या कोमला विलासमध्ये डोसा खा, आणि खोली मिळताच झोपा.

पहिली संध्याकाळ अण्णांची असू द्या. तुमच्या यादीत मर्लायन आहे, तो सिंहमुखी, माशाच्या शेपटीचा, ८.६ मीटर उंच पुतळा. तो पाहायला सगळेच जातात आणि तुम्हीही जाल, त्याला दहा मिनिटे पुरतात. पण तिथून पूल ओलांडून थोडे चालले, की एस्प्लनेड पार्क लागते आणि तिथे एक साधासा स्मृतिफलक आहे, जो एकोणीसांच्या यादीत नाही. आझाद हिंद सेनेच्या हुतात्म्यांचे स्मारक तिथे होते. नेताजींनी ८ जुलै १९४५ रोजी त्याची पायाभरणी केली, ते उभे राहिले आणि त्याच वर्षी ब्रिटिश परतल्यावर त्यांनी ते पाडून टाकले. पुढे १९९५ मध्ये त्या जागी खूण म्हणून हा फलक उभारला गेला. रस्त्यापलीकडे जे विस्तीर्ण हिरवे मैदान दिसते ते पडांग. मलय भाषेत या शब्दाचा अर्थच मुळी मैदान. याच पडांगवर ५ जुलै १९४३ रोजी नेताजींनी सेनेची पाहणी केली आणि ‘चलो दिल्ली’चा पुकारा केला, आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला शहरातल्याच कॅथे इमारतीत आझाद हिंद सरकारची घोषणा झाली. तुमच्या मुलाने हे पुस्तकात एका ओळीत वाचले असेल किंवा पुढे वाचेल. अण्णांना तिथे बसवा आणि नातवाला त्यांच्याकडून ऐकू द्या. फलक लहान आहे, फोटोत नीट येत नाही, म्हणूनच बहुधा कोणी नेत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटॅनिक गार्डन्स. आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेपेक्षा ती वीस वर्षांनी वडील, १८५९ ची. २०१५ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि प्रवेश विनामूल्य आहे. फक्त आतल्या ऑर्किड बागेला तिकीट लागते. अण्णांना चढ नको असेल तर स्थानकाजवळच्या भागात बसूनही सकाळ छान जाते. मुलासाठी एक खेळ सांगतो. सिंगापूरची पाच डॉलरची नोट त्याच्या हातात द्या. तिच्या मागच्या बाजूला एक झाड आहे, ज्याची एक जाड फांदी जमिनीला समांतर अशी आडवी पसरलेली दिसते. ते झाड याच बागेत उभे आहे, जातीने टेम्बुसू. नोट समोर धरून ते शोधायला लावा. ऑर्किडच्या शेकडो जातींपेक्षा त्याला हेच आठवेल. तुमच्या यजमानांना झाडांपेक्षा व्यापारात रस असेल, तर त्यांना सांगा, की रबराचे झाड न मारता त्याचा चीक काढण्याची पद्धत याच बागेचे संचालक हेन्री रिडली यांनी बसवली आणि त्यावर साऱ्या मलायाची रबराची शेती उभी राहिली.

त्या दिवशी दुपारची झोप झाल्यावर चारच्या सुमारास बेफ्रंटला जा. गार्डन्स बाय द बेमधील काचेचे दोन मोठे घुमट वातानुकूलित आहेत. दोन्हींची तिकिटे काढण्याचा मोह आवरून ‘क्लाउड फॉरेस्ट’ हा एकच घुमट घ्या. आत ३५ मीटर उंचीवरून कोसळणारा धबधबा आहे आणि दाराशीच त्याचे तुषार अंगावर येतात. स्थानकाजवळून घुमटांपर्यंत छोट्या गाडीचीही सोय असते, तिचे थोडे पैसे अण्णांसाठी जरूर खर्च करा. बाहेर पडाल तोवर अंधारलेले असेल. २५ ते ५० मीटर उंचीच्या पोलादी महावृक्षांवरचा दिव्यांचा आणि संगीताचा कार्यक्रम रोज ७.४५ आणि ८.४५ ला असतो, तो फुकट आहे, आणि झाडांखाली पाठ टेकून वर बघत पाहायचा असतो. वृक्षांना जोडणाऱ्या उंच पुलाचे तिकीट नाही काढले तरी चालेल.

तिसरा दिवस मुलाचा आणि रेषेबाहेरचा. मंडाईचे प्राणिसंग्रहालय किंवा सेंटोसा बेट, या दोहोंपैकी एकच. निवड त्याला करू द्या. सेंटोसावरचे युनिव्हर्सल स्टुडिओज हे दिवसभराचे, रांगांचे आणि पाळण्यांचे काम आहे, त्यामुळे त्याने ते निवडले तर बाप-लेकांनी दोघांनीच जावे. सहलीत चौघांनी सतत एकत्रच असले पाहिजे असा काही नियम नाही. तुम्ही आणि अण्णा तेवढ्यात उशिरा उठाल, निवांत जेवाल. प्राणिसंग्रहालय निवडले तर मात्र चौघेही जा. ते १९७३ मध्ये उघडले तेव्हापासून तिथे पिंजऱ्यांऐवजी खंदक, पाणी आणि झाडी यांच्या आडोशाने प्राणी ठेवण्याची पद्धत आहे, आणि आत फिरवणारी ट्राम असल्याने गुडघ्यांना त्रास कमी. ते बेटाच्या उत्तरेला आहे, म्हणून टॅक्सीनेच जावे असे मी सुचवीन. तिथेच रात्रीची सफारीही आहे. सकाळचे प्राणिसंग्रहालय आणि रात्रीची सफारी एकाच दिवशी जोडून देणारी तिकिटे स्वस्त पडतात, आणि ती घेऊ नयेत.

चौथ्या दिवशी सकाळी आपल्याच दारचे लिटल इंडिया पाहा. वीरमाकालीअम्मन मंदिर, त्या रस्त्यावरच्या गजऱ्यांच्या टपऱ्या, दिवाळीच्या सुमारास सेरंगून रोडवर केलेली रोषणाई. दीपावलीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मग दोन स्थानकांवर बुगिस. सुलतान मशिदीचा सोनेरी घुमट सगळेच पाहतात; तुम्ही घुमटाच्या खालची काळसर पट्टी पाहा. ती काचेच्या बाटल्यांच्या बुडांची आहे. १९२४ ते १९३२ या काळात ही मशीद बांधली जात असताना देणगी देण्याची ऐपत नसलेल्या गरिबांनीही हातभार लावावा म्हणून त्यांच्याकडून बाटल्या गोळा करून त्यांची बुडे तिथे बसवली गेली. संध्याकाळी विमानतळावर दोन तास आधीच पोहोचा, म्हणजे विमानतळालगतच्या ज्वेल या संकुलातला ४० मीटरचा, छतातून कोसळणारा धबधबा पाहून होईल. या सगळ्यात चायनाटाउन राहून गेले असे वाटेल. राहू द्या. फारच चुटपुट लागली तर एखाद्या संध्याकाळी तासभर जाऊन १८२७ चे मारिअम्मन मंदिर पाहून या, ते शहरातले सर्वांत जुने हिंदू मंदिर आहे आणि चायनाटाउनच्या मधोमध आहे. खरेदीसाठी मुस्तफा हे दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे असते, तेव्हा त्यासाठी दिवस खर्चू नका.

अण्णांच्या जेवणाविषयी सावधपणे लिहितो. लिटल इंडियात राहिल्याने निम्मा प्रश्न सुटतोच. परंतु फूड कोर्टसारख्या ज्या मोठ्या सार्वजनिक जेवणाच्या जागा आहेत, ज्यांना तिथे हॉकर सेंटर म्हणतात आणि ज्यांची खाद्यसंस्कृती २०२० मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून नोंदवली, तिथे नुसते ‘भाजीचे द्या’ म्हणून भागत नाही. पालेभाजी परततानाही कोळंबीची वाटलेली पेस्ट किंवा कालवांचा सॉस पडतो, आणि नूडल्सच्या रश्शात सुकी मासळी असू शकते. ‘व्हेजिटेरियन’ अशी पाटी असलेले बौद्ध पद्धतीचे चिनी गाळे शोधा. तिथे बहुधा कांदा-लसूणही नसतो, मात्र ताटात जे मांसासारखे दिसते ते सोयाबीनचे किंवा गव्हाचे असते, हे अण्णांना आधीच सांगून ठेवा. तिथला लाडका काया टोस्ट त्यांना देऊ नका, त्या नारळाच्या मुरंब्यात अंडे असते. रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट दिसले तर ती कोणी विसरलेली वस्तू नव्हे. जागा धरलेली आहे असा त्याचा अर्थ, आपल्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसा. जेवण झाल्यावर आपले ताट आपणच उचलून ठेवायचे, हे २०२१ पासून कायद्याने बंधनकारक आहे. नळाचे पाणी खुशाल प्या.

कागदपत्रांचे थोडक्यात. व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटामार्फत ऑनलाइन मिळतो. चौघांचेही पासपोर्ट सहा महिन्यांहून अधिक मुदतीचे आहेत ना, हे आजच पाहा. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत आगमनपत्र ऑनलाइन भरायचे असते, ते तिथल्या सरकारी संकेतस्थळावर मोफत भरता येते. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे त्रयस्थांची असतात, तिथे फिरकू नका. मेट्रोत आणि बसमध्ये आपले बँकेचे कार्ड टेकवून भाडे देता येते, पण एका कार्डावर एकच माणूस जातो, आणि भारतातून निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातील वापर सुरू करून घ्यावा लागतो. हे जमणार नसेल तर तिथल्या स्थानकावर प्रत्येकासाठी ईझी-लिंक कार्ड घ्या. गाडीत खाणे-पिणे केल्यास ५०० डॉलरपर्यंत दंड आहे, तेव्हा मुलाच्या खिशातली सिंग-चण्याची पुडी आधी तपासा.

यजमानांच्या मलेशियाबद्दल फार लिहित नाही. दोन्ही देशांना जोडणारा मुख्य रस्ता जेमतेम एक किलोमीटरचा आहे आणि सुटीच्या दिवसांत त्या एका किलोमीटरवर माणसे तासन्‌तास अडकतात. दोन्ही बाजूंचे पासपोर्टचे शिक्के, सामान घेऊन चढणे-उतरणे, आणि मध्ये अण्णा. यजमानांना पुढच्या वर्षी वेगळे जाऊ द्या.

आता फराळ. वैयक्तिक वापरापुरत्या चकल्या, शंकरपाळे, शेव, कोरडा चिवडा बंद पाकिटांतून न्यायला हरकत नाही. लिलो चेवडो, म्हणजे आपला बडोद्याचा ओला चिवडा, नेऊ नका, तो टिकणार नाही. अनारसे मात्र कटाक्षाने घरी ठेवा. त्यांच्यावर खसखस असते, आणि खसखशीत मॉर्फिनचा अंश असू शकतो म्हणून तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. त्या देशात या कायद्याशी वाद घालायला आपल्याला जायचे नाही. डब्यातल्या वाटणाच्या मसाल्यात खसखस आहे का, तेही पाहा. अण्णा तंबाखू मळत असतील तर ती पुडीही बडोद्यातच राहू द्या, कारण खायची तंबाखू, गुटखा, जर्दा यांना तिथे बंदी आहे. च्युइंग गमही नेऊ नये. अण्णांच्या रोजच्या गोळ्या मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. त्यांत झोपेची गोळी किंवा कोडीनचे खोकल्याचे औषध असेल तर तिथल्या आरोग्य खात्याची पूर्वपरवानगी लागू शकते, म्हणून चिठ्ठी घेऊन या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. अनारसे घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस सहज राहतात. परत आल्यावर चहाबरोबर होतील.